‘बे’चं गोत्र शोधताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात नागपुरी ‘बे’वरून (मित्राशी बोलताना ‘काय बे’ म्हणतो तो) सुरू झालेली चर्चा मी पहिल्या दिवसापासून वाचतो आहे. एका वाचकांनी लिहिलं, की तुर्की भाषेत हुबेहूब असाच ‘बे’ आहे, तेव्हा हा शब्द तुर्की शिपायांचा, आपला नव्हेच. मुलांच्या तोंडून तो काढून टाकावा. दुसऱ्या वाचकांनी त्याला उत्तर देताना थेट दुसरं टोक गाठलं. जगातल्या कितीतरी भाषांत ‘बे’ सापडतो, म्हणजे मराठी ही साऱ्या भाषांची आई, असं त्यांचं म्हणणं. एकाला ‘बे’ची लाज वाटते आणि दुसऱ्याला अभिमान. पण दोघांचा आधार एकच आहे: शब्द सारखा ऐकू आला, की नातं ठरलं. हा आधार टिकणारा नाही, आणि तो का टिकत नाही हे सांगण्यासाठी ‘बे’इतका चांगला शब्द दुसरा मिळायचा नाही. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

मी रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. हेडक्वार्टर नागपूर. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही वाटा आपल्या स्टेशनात एकमेकींना छेदतात, त्यामुळे चार्ट हातात घेऊन डब्यातून फिरताना कानावर काय पडेल याचा नेम नसे. कोशांची आवड मला तिथेच लागली. अहमदाबाद-हावडा गाडीत एक गुजराती आजोबा मला सांगत होते, ‘अमे बे जण छीए.’ म्हणजे आम्ही दोघं आहोत. तेवढ्यात पुढच्या बर्थजवळून माझा सहकारी ओरडला, ‘इकडं ये, हे तिघं बेटिकट हायेत बे!’ एका मिनिटात तीन ‘बे’ कानावर पडले: एक ‘दोन’ या अर्थाचा, एक ‘विना’ या अर्थाचा आणि एक मित्राला मारलेल्या हाकेचा. (कागदावर आम्ही ‘डब्ल्यूटी’, म्हणजे ‘विदाउट टिकट’, लिहायचो, पण तोंडात ‘बेटिकट’च असायचं.) या तिघांचं एकमेकांशी काडीचंही नातं नाही. एकाच शहरात, एकाच डब्यात भेटलेले हे तीन अनोळखी प्रवासी आहेत.

पहिला ‘बे’ आपल्या पाढ्यातला. आपण मोजताना ‘दोन’ म्हणतो आणि पाढा म्हणताना ‘बे एके बे’ म्हणतो, याचं लहानपणी कुणालाच नवल वाटत नाही. संस्कृतातल्या ‘द्व’पासून दोन वाटा फुटल्या. एका वाटेनं ‘व’ मागे पडून ‘द’ उरला आणि त्यातून दोन, दुसरा, दुप्पट आले. दुसऱ्या वाटेनं ‘द’ गळाला आणि ‘व’चा ‘ब’ झाला. गुजरातीनं मोजायलाही हीच दुसरी वाट धरली. आपण ती पाढ्यात ठेवली आणि मोठ्या आकड्यांत ठेवली: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. ‘बे दुणे चार’ म्हणताना तर दोन्ही वाटा शेजारी उभ्या असतात, कारण ‘दुणे’ म्हणजे द्विगुण. त्याच ‘दोन’चं एक रूप ‘ब’नं सुरू होतं, दुसरं ‘द’नं.

हे नुसतं तर्कानं म्हणायचं नाही, दगडावर कोरलेला पुरावा आहे. गिरनारच्या अशोकाच्या शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, ‘बारा’साठी ‘द्बादस’ असं रूप आहे. द्वादश आणि बारा यांच्या बरोबर मधली पायरी! ‘व’चा ‘ब’ झाला आहे, पण ‘द’ अजून जायचा आहे. नातं म्हणतात ते याला. एका शब्दाचं साम्य पुरत नाही. साऱ्या कुळात तोच बदल त्याच जागी व्हावा लागतो आणि मधल्या पायऱ्या दाखवता याव्या लागतात.

आता गंमत पाहा. तिकडे रोममध्ये लॅटिन भाषेनं अगदी हाच खेळ स्वतंत्रपणे केला. जुन्या लॅटिनमध्ये ‘दोनदा’ला ‘दुइस’ होतं, त्याचं ‘बिस’ झालं. ‘दुएल्लुम’ म्हणजे युद्ध, त्याचं ‘बेल्लुम’ झालं. रोमन वक्ता सिसेरो यानं हे दोन्ही बदल नोंदवून ठेवले आहेत. बिस्किट म्हणजे मुळात ‘दोनदा भाजलेलं’, आणि त्यातला ‘बिस्’ आपल्या पाढ्यातल्या ‘बे’चा लांबचा चुलतभाऊ. मूळ एकच, मात्र ‘ब’ दोघांनी आपापल्या घरी वेगवेगळा मिळवला. उलट, आर्मेनियन भाषेत दोनला ‘एर्कु’ म्हणतात. ऐकायला ना ‘दोन’सारखं, ना ‘बे’सारखं. तरी भाषाशास्त्रज्ञ सहसा मानतात, की ‘एर्कु’ हा त्याच ‘द्व’च्या कुळातला, कारण मूळच्या ‘द्व’चा ‘एर्क’ होणं हा त्या भाषेतला नियम असल्याचं ते सांगतात. कान सांगतात नातं नाही, नियम सांगतो आहे. अशा वेळी कानावर विश्वास ठेवायचा नसतो.

दुसरा ‘बे’ फारसीचा. बेवारस, बेरोजगार, बेसुमार, बेदाणा (ज्यात दाणा नाही तो), आणि आपल्या नाल्यांच्या काठी माजलेलं ते जांभळ्या फुलांचं बेशरम. नागपूर स्टेशनवर हिंदी घोषणेत ‘लावारिस वस्तु’ येतं आणि लगेच मराठीत ‘बेवारस वस्तू’. हिंदीनं अरबीचा ‘ला’ घेतला, आपण फारसीचा ‘बे’. दोन्हींचा अर्थ ‘विना’. आज इराणातला माणूस या उपसर्गाचा उच्चार ‘बी’ असा करतो, ‘बीकार’ म्हणतो. जुना ‘बे’ अफगाणिस्तानात, ताजिकिस्तानात आणि आपल्याकडे राहिला. म्हणजे जो शब्द आपण परका समजतो, त्याचा जुना उच्चार मूळ घरात हरवला आणि इथे जपला गेला.

या ‘बे’च्या आधीचं मध्ययुगीन फारसीतलं रूप आहे ‘अबे’. अर्थ ‘विना’च. आमच्या चर्चेतल्या एखाद्या उत्साही वाचकाला हे सापडलं, तर ‘अबे ऐक ना’ हे इराणातून आलं असं पत्र लगेच येईल! तसं ते आलेलं नाही.

लिथुएनियन भाषेत ‘बे’ म्हणजे ‘विना’. नेमका फारसीचाच अर्थ, आणि दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुटुंबातल्या. आता तरी नातं मानावं की नाही? नाही. लिथुएनियन ‘बे’ आणि रशियन ‘बेझ’ यांचं नातं संस्कृत ‘बहिस्’शी लावतात, म्हणजे आपल्या ‘बाहेर’शी. फारसीचा ‘बे’ निराळ्या मुळातून झिजत आला. तेव्हा लिथुएनियन ‘बे’चा मराठी नातलग शोधायचा, तर तो ‘बेवारस’मध्ये नाही, ‘बाहेर’मध्ये आहे.

इंग्रजी ‘बी’, म्हणजे ‘असणे’, याचंही तसंच. त्याचं मूळ आणि आपल्या ‘भू’ धातूचं मूळ एक. पण ‘भवति’पासून मराठीत काय आलं? होणे, होय. म्हणून आपण ‘होय बे’ म्हणतो, तेव्हा त्या इंग्रजी शब्दाचा सख्खा नातलग ‘होय’ आहे, शेजारचा ‘बे’ नाही. चौदाव्या शतकात, इंग्रजी कवी चॉसरच्या काळी, त्या इंग्रजी शब्दाचा उच्चार ‘बे’ असाच होता, पुढे इंग्रजीतले स्वर सरकले आणि ‘बी’ झाला. पश्चिम आफ्रिकेत मालीच्या बंबारा भाषेत ‘आहे’ला आजही ‘बे’ म्हणतात. म्हणजे चॉसरच्या वेळी कुणी लंडनहून मालीला गेला असता, तर त्याला दोन्हीकडे ‘बे’ ऐकू आला असता, अर्थही जवळपास तोच, आणि नातं शून्य. पुढे उच्चार बदलला आणि ते साम्यही विरघळलं.

स्वर असे सरकतात याचा माझा सर्वांत आवडता पुरावा ग्रीसचा आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला विनोदी नाटककार क्रातिनोस एका मूर्खाविषयी म्हणतो, की तो मेंढरासारखा ‘बे बे’ करत चालतो. आज तीच अक्षरं ग्रीक माणूस ‘वी वी’ अशी वाचेल. कोणतीही मेंढी ‘वी वी’ करत नाही. या एका ओळीवरून प्राचीन ग्रीक उच्चार सावरायला अभ्यासकांना केवढी मदत झाली! माणसांचे उच्चार अडीच हजार वर्षांत कुठल्या कुठे गेले, मेंढरांचा मात्र तोच राहिला.

बाकीचे ‘बे’ भराभर सांगतो. हिब्रूत ‘बे’ म्हणजे ‘मध्ये’. बायबलचा पहिला हिब्रू शब्द ‘बेरेशीत’, म्हणजे ‘आरंभी’, तो याच ‘बे’नं सुरू होतो. हंगेरियनमध्येही ‘बे’ म्हणजे ‘आत’, आणि या दोन भाषांचा एकमेकींशी कुळाचा संबंध नाही. अल्बानियन भाषेत ‘बे’ म्हणजे शपथ. स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये ‘बे’ म्हणजे प्रार्थना करणे, मागणे. व्हिएतनामीत लहानगा, चिमुकला. जपानीत ‘बे’ म्हणजे काठ. ‘उमिबे’ म्हणजे समुद्रकाठ. उर्दू वर्णमालेतलं दुसरं अक्षर ‘बे’. चेन्नईकडच्या गाडीत मात्र वेगळीच अडचण: तमिळ लिपीत ‘ब’साठी स्वतंत्र अक्षरच नाही, ‘प’ आणि ‘ब’ एकाच अक्षरानं लिहितात.

इतके ‘बे’ सापडतात याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही, साधा हिशेब करून पाहावा. जगात आज सात हजारांच्या आसपास भाषा आहेत. एका भाषेत व्यंजनं सरासरी बावीस-तेवीस, आणि सर्वांत जास्त आढळणारी स्वरांची संख्या पाच. एक व्यंजन आणि एक स्वर घेऊन शब्द करायचा, तर शे-सव्वाशे जोड्यांत सारा कारभार आटपतो. ‘ब’ आणि ‘ए’ हे दोन्ही उच्चारायला सोपे, पुष्कळ भाषांत असलेले. मग सात हजार भाषांत ‘बे’ पुन्हा पुन्हा येणार, आणि त्यांतल्या काहींचे अर्थही जुळणार. न जुळले असते तरच नवल. मोठे शब्दसुद्धा जुळतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या म्बाबाराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. इंग्रजांकडून घेतलेला नव्हे. शेजारच्या यिदिन् भाषेत त्याच प्राण्याला ‘गुदागा’ म्हणतात, आणि तसल्याच जुन्या शब्दाचा शेंडा-बुडखा झिजून हा ‘डॉग’ उरला. आपल्या ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचंही असंच: अर्थ तोच, उच्चार जवळचा, नातं नाही.

आता मूळ वादाकडे, आपल्या ‘बे’कडे येतो. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या शब्दावर माझा जीव आहे.

तुर्कीत ‘बे’ आहे ही पत्रलेखकांची माहिती खरी आहे. ‘हादी बे!’ म्हणजे ‘चल, काहीतरीच काय!’, ‘यापमा बे’ म्हणजे ‘नको ना बे’. वाक्याच्या शेवटी येतो, बरोबरीच्याला म्हणतात, सलगीत गोड लागतो आणि परक्याला म्हटला तर भांडण होतं. सगळं आपल्यासारखंच. बल्गेरियन भाषेतही ‘बे’ आहे आणि तो पुरुषाला म्हणायचा. बाईला म्हणायचा निराळा शब्द आहे, ‘मा’. आपल्याकडे ‘काय बे’ आणि ‘काय वं’, तसं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही क्षणभर मोह झाला होता.

पण तुर्की ‘बे’चा इतिहास पाहायला हवा. त्याचं नातं आग्नेय युरोपातल्या बाल्कन प्रदेशात सगळीकडे पसरलेल्या ‘ब्रे’शी सांगतात, आणि ‘ब्रे’चं ग्रीक हाकेशी, ती हाक मुळात ‘अरे मूर्खा’ अशी. इंग्रजी ‘मोरॉन’ त्याच ग्रीक शब्दापासून आलेला. म्हणजे हा शब्द तुर्कीत आला तो तुर्क लोक अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) आणि बाल्कनमध्ये स्थिरावल्यावर. भारतात आले ते तुर्क मध्य आशियातून, अफगाणिस्तानमार्गे आले. त्यांनी वाटेत ग्रीसला जाऊन हा शब्द उचलला नव्हता. त्यांच्याबरोबर आलेले शब्द आपल्याला ठाऊक आहेत: तोफ, कैची, बेगम, बहादूर, तोफचीतला ‘ची’. ते फारसीतून आले, दप्तरांत आणि बखरींत त्यांच्या खुणा आहेत. तुर्की ‘बे’च्या प्रवासाची अशी खूण कोणी दाखवली नाही, दाखवता येईल असंही मला वाटत नाही.

आपल्या ‘बे’चं घर लांब शोधायची गरज काय? हिंदीतला ‘अबे’ दाराशी उभा आहे. ‘अबे-तबे करना’ म्हणजे अपमानानं बोलणं, हा हिंदीतला जुना वाक्प्रचार आहे. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषिक राज्याची राजधानी होतं. त्याआधी मध्य प्रांताची. कचेरीत, कॉटन मार्केटात, गिरणीच्या चाळीत दोन्ही भाषा एकाच तोंडात नांदत होत्या. तिथे ‘अबे’ मराठीत शिरला आणि ‘अ’ टाकून वाक्याच्या शेवटी जाऊन बसला: ‘काय करून राहिला बे?’ हिंदीत जो बहुधा तुच्छतेचा होता, तो आपल्याकडे दोस्तीचा झाला. हा बदल नागपूरनं केला. म्हणून तो शब्द नागपूरचा आहे, मग त्याची अक्षरं कुठूनही आलेली असोत.

आणि तो एकटा नाही, त्याची पूर्ण रांग आहे. मोठ्याला ‘काय जी’. गावाकडच्या माणसाला, वडीलधाऱ्यालाही आपुलकीनं, ‘काऊन गा’ (का रे, या अर्थी). बहिणीला, मैत्रिणीला ‘काय वं’. दोस्ताला ‘काय बे’. कुणाला काय म्हणायचं हे इथलं पोर शाळेत जाण्याआधी शिकतं आणि सहसा चुकत नाही. प्रमाण मराठीत ‘रे’ आणि ‘गं’ आहेत, पण ‘जी’ आणि ‘गा’ यांच्यामधलं अंतर मोजणारं तिथे काही नाही. ज्या वाचकांना ‘बे’ मुलांच्या तोंडून काढायचा आहे, त्यांनी ही रांग आधी पाहावी. मधला एक दात काढला, की शेजारचेही हलतात. मुलानं गुरुजींना ‘बे’ म्हटलं तर जरूर टोकावं. मित्राला म्हटलं तर त्यानं बरोबर जागी बरोबर शब्द वापरला आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून आपल्या भाषेचं जुनेपण आणि मोठेपण सांगणारे संदेश रोज मोबाईलवर येतात. त्यातला आनंद माझाही आहे. पण जुनेपणाचे खरे पुरावे एवढे भक्कम असताना जपानी, हंगेरियन, बंबारा शब्द ओढून आणायचं काही कारण नाही. जो ‘द्बादस’ गिरनारच्या दगडावर आहे, तो पुरे आहे. आणि जे आपल्याच जिल्ह्यात बोललं जातं, त्याची नोंद करायला माणूस नाही, याची मला खरी काळजी वाटते. डब्यात कानावर पडलेल्या बोली मी वहीत लिहिल्या. पण एका माणसाची वही किती पुरणार?

म्हणून संपादक महोदय, एक विनंती. या सदरात आठवड्याला चार-पाच ओळींची जागा विदर्भातल्या अशा बोलीशब्दांना द्यावी. वाचकांनी व्युत्पत्ती लिहून पाठवू नये, शब्द पाठवावा: गाव आणि तालुका, कोण कुणाला म्हणतं, आणि प्रत्यक्ष ऐकलेलं एक पूर्ण वाक्य. अभ्यासकांना पुढे तेवढंच लागतं, आणि आज तेच मिळत नाही. पहिला शब्द ‘बे’ घ्यावा. गोंदियाकडे, बालाघाटच्या सीमेवर ‘गा’ कुठे संपतो आणि ‘बे’ कुठे सुरू होतो? मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचे मराठी लोक ‘अबे’ म्हणतात की नुसतं ‘बे’? चंद्रपूर-राजुऱ्याकडे, तेलुगूच्या शेजारात, दोस्ताला कशी हाक मारतात? आणि मुली आपसांत ‘बे’ म्हणू लागल्या आहेत, हे मी हल्ली सिटी बसमध्ये ऐकतो. ते फक्त नागपूर शहरात, की काटोल, उमरेड, भंडाऱ्यातही? ज्यांच्या कानावर हे रोज पडतं, त्यांनी लिहावं.

आपला,
एक निवृत्त तिकीट तपासनीस, नागपूर